काळ्या घोड्याचे फूट आणि आमच्या ओट्याच्या पायऱ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, हवामान खात्याने पाऊस सांगितला की ते छत्री घरी ठेवूनच बाहेर पडतात. विनोद जुना आहे. माझे सासरे तो रेडिओला उद्देशून करायचे, नवरा टीव्हीला उद्देशून करायचा आणि माझा मुलगा आता मोबाइलला उद्देशून करतो. मीही हसत आले. पण गेल्या वर्षी, 26 ते 28 ऑगस्ट 2024 या तीन दिवसांत आमच्या घरात जे झालं, त्यानंतर तो विनोद माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं तर सुरुवातीचं कापा.

आम्ही बडोद्याचे. चार पिढ्यांपूर्वी सासऱ्यांचे आजोबा गायकवाडी नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. समा भागात घर आहे, विश्वामित्री नदीपासून चालत सात-आठ मिनिटांवर. तळमजल्यावर मोठी खोली आहे, तिला आम्ही कारखाना म्हणतो. मोठा शब्द आहे, पण घरात तोच रुळलाय. तिथे शाडूचे गणपती होतात. आधी सासरे करायचे, मग नवरा, आता मी, मुलगा आणि सूनबाई. माती भावनगरकडून येते. वर्षाला सव्वाशे-दीडशे मूर्ती, बहुतेक दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांच्या आणि आता बऱ्याच गुजराती घरांच्याही.

26 ऑगस्टला सोमवार होता, जन्माष्टमी. गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला. म्हणजे हातात बारा दिवस. कारखान्यात 142 मूर्ती होत्या. निम्म्यांचं रंगकाम झालेलं, पंचवीस-तीस मूर्तींचे डोळे आखायचे राहिलेले, बाकीच्या नुसत्या वाळलेल्या, कच्च्या.

आता हे नीट वाचा, कारण त्या छत्रीवाल्या वाचकांना माझं उत्तर इथेच आहे. अंदाज बरोबर होता. मध्य प्रदेश-राजस्थानवरून कमी दाबाचं मोठं क्षेत्र गुजरातकडे सरकतंय, अतिमुसळधार पाऊस होणार, रेड अलर्ट, हे सगळं आधी सांगितलेलं होतं. मोबाइलवर आलं, टीव्हीवर आलं, पोळीवाल्या बाईंनीही येऊन सांगितलं. आणि सोमवारी पाऊस तसाच पडला. खात्याने काहीच कमी केलं नव्हतं.

आम्हीही ऐकून न ऐकल्यासारखं केलं नाही. मुलाने आणि मी रविवारीच फळ्या-घोडे लावून जमिनीवरच्या सगळ्या मूर्ती तीन फुटांवर चढवल्या. तीनच फूट का? कारण 31 जुलै 2019 ला बडोद्यात चोवीस तासांत सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडला होता, वीस इंच, माझ्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर पाऊस. त्या पुरात कारखान्यात दीड फूट पाणी आलं होतं, गुडघ्याच्या खाली. 2014 चा पूर सप्टेंबरात अनंत चतुर्दशीनंतर आला, तेव्हा देव आपापल्या ठिकाणी पोहोचलेले होते आणि पाणी ओट्यावरूनच परत गेलं. तेव्हा आमचा हिशेब सोपा होता: वीस इंच पावसाला दीड फूट, तर या वेळी फार तर दोन. वर एक फूट देवाच्या नावाने. झाले तीन.

सोमवारी दिवसभर धो धो. रात्री जागलो. रस्त्यावर पाणी होतं, पण ते पावसाचं, ओट्याच्या पहिल्या पायरीलाही लागलेलं नव्हतं. मंगळवारी सकाळी आमच्याकडे पावसाचा जोर ओसरला. शेजारचे भाई गॅलरीतून म्हणाले, "हवे कशुं नहीं थाय, बेन." म्हणजे आता काही होत नाही. मीही चहा टाकला. मुलगा तर फळ्यांवरच्या मूर्ती पुन्हा खाली घेऊ म्हणत होता, कारण रंगाला हवा लागत नव्हती.

आणि त्याच सुमारास पाणी चढायला लागलं. पाऊस जवळपास थांबलेला आणि पाणी चढतंय, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. आवाज नाही, लाट नाही. उंबरठ्याच्या फटीतून एक काळी रेघ आत आली आणि फरशीच्या सांध्यासांध्यांतून, कुणी दोरा ओवावा तशी पसरत गेली. दुपारपर्यंत घोटा. संध्याकाळी गुडघा. वीज आधीच बंद केलेली, फोनची बॅटरी संपत आलेली. रात्री विजेरीच्या उजेडात पाहिलं तर पाणी फळ्यांना लागलं होतं. तेव्हा धावपळ करून आम्ही तिघांनी छातीला धरून एकेक मूर्ती जिन्याने वर नेली. एकतीस नेल्या. मग पाण्यात उभं राहणं अवघड झालं, अंधारात जिन्याखाली काहीतरी हललं आणि सूनबाई ओरडली. मगर असेल, ओंडका असेल, देव जाणे. त्या दिवसांत शहरातल्याच अकोटा भागात एका घराच्या छपरावर मगर बसलेली सगळ्या देशाने पाहिली, त्यामुळे कुणी आम्हाला भित्रे म्हणू नये. आम्ही वर गेलो ते गेलोच.

शाडूची मूर्ती पाण्यात कशी जाते ते सांगते. फुटत नाही. आधी बसते. रंग काही वेळ तिला धरून ठेवतो, वरून मूर्ती अखंड दिसते, आतली माती मात्र मऊ होत जाते. मग मूर्ती हळूच खाली येते, दमलेलं माणूस पाटावर बसावं तशी. शेवटी फळीवर चिखलाचा ढीग आणि त्यावर तरंगत असलेली रंगाची साल उरते. गुरुवारी पाणी उतरल्यावर आत गेलो तेव्हा एका सालीवर दोन डोळे शाबूत होते. ते मी आदल्या शुक्रवारीच आखले होते. भिंतीवर पाण्याची रेघ होती, फरशीपासून साडेचार फुटांवर.

गिऱ्हाइकांना फोन करण्याचा भाग मी इथे लिहीत नाही.

दिवाळीनंतर एक मुलगी दाराशी आली. जलशास्त्रात संशोधन करते म्हणाली, बरोबर एक मुलगा, तिवईवरची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली लांब पट्टी. आमच्या गल्लीतल्या भिंतींवरच्या पुराच्या रेघा मोजत होती. मला वाटलं, नुकसानीच्या यादीसाठी आलीय, म्हणून मी थोडी फणकाऱ्यानेच म्हणाले की यादी कधीच झाली. ती हसली. "मासी, आ लाइन कई तारीखनी छे?" म्हणजे, मावशी, ही रेघ कुठल्या तारखेची? तिला नुकसान नको होतं, रेघ हवी होती, आणि पाणी कुठल्या दिवशी किती वाजता कुठे होतं ते हवं होतं.

ते माझ्याकडे होतं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकोनांत सगळं लिहिते: दूध, गॅस, कोणाची आगाऊ रक्कम आली. 27 ऑगस्टच्या चौकोनात लिहिलं होतं, "11 उंबरठा, 2 घोटा, 7 गुडघा". त्या मुलीने त्या पानाचा फोटो अशा काही आनंदाने काढला की मला माझ्याच अक्षराचं कौतुक वाटलं. अशा लोकांच्या नोंदींवरच पुढच्या पुराचं गणित बसतं, असं ती म्हणाली. यंत्र नदीवर एका जागी असतं. गल्लीगल्लीत पाणी कसं फिरलं ते भिंती आणि माणसंच सांगतात.

मग ती आमच्या जिन्यावर बसून दोन कप चहा प्यायली आणि मला माझाच पूर समजावून सांगितला. विश्वामित्री पावागडाच्या डोंगरातून निघते, इथून पन्नासेक किलोमीटरवर. सयाजीरावांच्या काळात बांधलेलं आजवा सरोवर आणि प्रतापपुरा तिच्याच पाणलोटात. पावागड, हालोल, आजवा या पट्ट्यात पडलेला पाऊस ओढ्यानाल्यांतून गोळा होऊन शहरात यायला बरेच तास लागतात. म्हणून शहरात पाऊस थांबला की पूर थांबत नाही, बऱ्याचदा तेव्हा तो निघालेला असतो. खाली विश्वामित्री ज्या ढाढर नदीला मिळते तीही त्या वेळी देव नदीचं पाणी घेऊन फुगलेली असली, तर आपल्या पाण्याला उतरायला वाट मिळत नाही. न्हाणीघरातलं पाणी तुंबतं तसं. आणि नदीच्या दोन्ही काठांना जी कोतरं होती, पाणी पसरायच्या मोकळ्या घळी, त्यांतल्या कितीतरी भरल्या गेल्या.

2019 ला शहरावर पाऊस जास्त पडला, पण नदीची पातळी 2024 ला वर गेली, हे कोडं मला तेव्हा सुटलं. आमची सगळी तयारी पावसाच्या इंचांवर होती. पाणी मात्र नदीच्या फुटांवर आलं.

तिने गच्चीचंही गणित करून दाखवलं, ते मला फार आवडलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची गच्ची सहाशे चौरस फूट, म्हणजे 55 चौरस मीटर धरा. तीनशे मिलिमीटर पाऊस पडला तर एकट्या आमच्या गच्चीवर साडेसोळा हजार लिटर, हजार लिटरच्या सोळा टाक्या भरून वर उरेल एवढं. आता पाणलोटातला एक चौरस किलोमीटर घ्या: नुसत्या एका मिलिमीटरला दहा लाख लिटर. मी चष्मा काढून ठेवला.

तर संपादक महोदय, शास्त्रज्ञांकडे दोन वेगळी कामं असतात आणि आपण ती एकच समजतो. एक आकाशाचं. उपग्रह, रडार, सकाळ-संध्याकाळ सोडलेले फुगे, संगणकावरची गणितं, त्यातून किती पाऊस पडेल ते सांगायचं. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार, 204.4 च्या वर गेला की त्याहून पुढची पायरी. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हात चालवा. दुसरं काम जमिनीचं. तो पाऊस कुठल्या उतारावर पडेल, माती आधीच किती भिजलीय, धरणात जागा किती, नदी कुठल्या पुलाशी किती फूट चढेल आणि किती तासांनी. पहिल्या कामात थोडी चूक राहणारच. ढगांची रांग पन्नास किलोमीटर सरकली तर बडोद्याऐवजी आणंद भिजेल आणि आपले वाचक छत्रीचा विनोद करतील. पण आकाशाचा अंदाज अगदी बरोबर आला तरी जमिनीचा हिशेब माणसाच्या दारापर्यंत पोहोचला नाही, तर माझ्यासारखीने फळ्या तीन फुटांवरच लावायच्या.

ज्या अंदाजांवर आपण हसतो त्यांनी काय केलंय, त्याची आठवण ठेवायला हवी. 1979 च्या 11 ऑगस्टला मोरबीला मच्छू नदीवरचं धरण फुटलं तेव्हा मी कॉलेजात होते, आम्ही मुली घरोघर फिरून कपडे आणि भाकऱ्या गोळा करत होतो. खबर शहरात पोहोचायच्या आत पाणी पोहोचलं होतं. 9 जून 1998 ला कांडल्याला वादळ आलं. माझी मावसबहीण तेव्हा गांधीधामला राहायची. त्या वादळाला नावसुद्धा नव्हतं, आपल्याकडे वादळांना नावं 2004 पासून ठेवतात. हजाराच्या वर माणसं गेली, बंदरातले मजूर आणि मिठागरांतले आगरिये त्यांत किती तरी. ती बहीण अजूनही वाऱ्याचा आवाज वाढला की खिडक्या दोनदा बघते. आणि 15 जून 2023 ला त्याच कच्छमध्ये जखौजवळ बिपरजॉय जमिनीवर आलं, तेव्हा त्याचा मार्ग कितीतरी दिवस आधीपासून नकाशावर होता, किनाऱ्यावरची लाखभर माणसं आधीच हलवलेली होती. खांब पडले, झाडं पडली, जनावरं गेली. माणसं मात्र राहिली. पंचवीस वर्षांत समुद्र बदलला नाही.

आमचा पूर ज्या कमी दाबाच्या पट्ट्याने आणला, तोच पुढे कच्छवर जाऊन 30 ऑगस्टला चक्रीवादळ झाला, 'असना' नावाचं. जमिनीवरून येऊन ऑगस्ट महिन्यात अरबी समुद्रात वादळ होणं 1976 नंतर पहिल्यांदा घडलं. म्हणजे ज्या दिवशी मी चिखल खरडत होते, त्या दिवशी कुणीतरी पडद्यासमोर बसून त्याच ढगांवर नजर ठेवून होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. कळल्यावर का कोण जाणे, थोडं बरं वाटलं.

पण मग जमिनीचा हिशेब दारापर्यंत आणायचा कसा? याचं उत्तर मला शास्त्रज्ञांकडून नाही, माझ्या भाचेसुनेकडून मिळालं. ती कोल्हापूरची, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतली, माहेरी मूर्तींचाच धंदा. गेल्या सप्टेंबरात फोनवर मी रडगाणं गात होते तर ती मध्येच म्हणाली, "मामी, पण तुम्ही फूट बघत नव्हता का?" तिच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. सांगलीकर आयर्विन पुलाचे 40 आणि 45 असेच सांगतात. आणि नुसते आकडे नाहीत, प्रत्येक गल्लीला आपला आकडा ठाऊक. अमक्या फुटाला मूर्ती माळ्यावर, तमक्या फुटाला मंगल कार्यालयात. 2019 च्या महापुरात नदी 55 च्या वर गेली तेव्हा तेही हिशेब चुकले, हे तिनेच सांगितलं. तरी हिशेब होता.

आमच्याकडे काय फुटांचा दुष्काळ आहे? काळ्या घोड्याच्या पुलावर विश्वामित्रीची पातळी मोजतात, पावसाळ्यात तो आकडा शहरभर फिरतो. 25-26 फुटांना धोका, हे प्रत्येकाला माहीत. गेल्या वर्षी नदी 37 च्या वर गेली. पण काळ्या घोड्याचे 33 फूट म्हणजे माझ्या घरात काय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. भर पावसात सोमवारी रात्री मी एका कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन केला होता. उचलला, अगदी सभ्यपणे बोलले. "बेन, पातळी वाढतेय, सावध राहा." मी विचारलं, आमच्याकडे किती येईल? ते म्हणाले, सावध राहा. त्या बिचाऱ्याच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं असणार. सावध राहणं म्हणजे तीन फूट की पाच, ते माझ्यावर.

म्हणून यंदा आम्ही ते स्वतःच केलं. त्या मुलीच्या मदतीने कारखान्याच्या दारामागच्या भिंतीवर पट्टी आखली. माझ्या दिनदर्शिकेतल्या वेळा आणि काळ्या घोड्याचे त्या त्या वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ढोबळ मानाने असं निघालं: पुलावर 31 ला आमच्या रस्त्यावर नदीचं पाणी येतं, 33 ला उंबरठा, साडेचौतीसला 2019 ची रेघ, त्यापुढे जवळजवळ फुटाला फूट. माझ्या दृष्टीने कामाचा आकडा 28. कारण 28 ला सगळं कोरडं असतं, रस्ता चालू असतो आणि मूर्ती दुसरीकडे नेता येतात. कोल्हापूरकरांना दिवस दोन दिवस मिळतात म्हणे, आम्हाला काही तास.

मी ती पट्टी तेलरंगाने रंगवणार होते. मुलगी म्हणाली, पेन्सिलने आखा. कारण 2025 च्या मार्चपासून शहरातली चोवीस-पंचवीस किलोमीटर विश्वामित्री खोल आणि रुंद करण्याचं काम सुरू झालं. नदीचं पात्र बदललं की पुलाचा आकडा आणि वाहणारं पाणी यांचं नातं बदलतं, वरून किती पाणी आलं म्हणजे किती फूट हे नव्याने मोजावं लागतं, आणि माझ्या गल्लीचा हिशेबही हलू शकतो. शिवाय नदीचं पाणी ताटातल्या पाण्यासारखं सपाट नसतं, उतारावर असतं, वळणावर फुगतं. समाचा आकडा अकोट्याला चालणार नाही, अकोट्याचा वडसरला नाही. शास्त्रज्ञाने स्वतःच्या आकड्यावर एवढा अविश्वास दाखवलेला मला आवडला. आमच्या धंद्यातही साचा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो, त्याची कड झिजते.

आता आपल्याकडे एक मागणं आहे, संपादक महोदय. आपल्या अंकात रोज हवामानाचा चौकोन असतो: सूर्योदय, सूर्यास्त, कमाल, किमान. सूर्योदय कळल्याने माझं काही अडलेलं सुटत नाही. पावसाळ्याचे चार महिने त्या चौकोनात नद्यांची पातळी द्या, पंचगंगा, कृष्णा, गोदावरी आणि जमलं तर आमची विश्वामित्री आणि भरूचची नर्मदाही, कारण इथेही तुमचे वाचक आहेत. शेजारी धोक्याची खूण द्या, आणि काल किती होती ते द्या. चढतेय की उतरतेय हे त्यावरूनच कळतं. आणि "मेघराजाचं तांडव" असे मथळे जरा कमी करा. कुठल्या पाणलोटात किती मिलिमीटर एवढं लिहिलंत तरी आम्ही आपापलं समजून घेऊ. हे मी भांडायला म्हणून लिहीत नाही. आपला अंक आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, तेव्हा एक दिवस शिळा यायचा, आता मी तो मोबाइलवर वाचते.

छत्रीवाल्या वाचकांनाही एक विनंती. घरात सरळ उभ्या कडांचा डबा असेल, बिस्किटांचा किंवा तेलाचा कापलेला, तर गच्चीवर झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवून पाणी मोजा आणि ओता. खात्याचा पावसाचा दिवस साडेआठला संपतो, म्हणून साडेआठ. आठवडाभरात कळेल की आपल्या गच्चीवर 40 मिलिमीटर पडतो तेव्हा बहिणीच्या गच्चीवर, त्याच शहरात, 12 पडलेला असतो. माझी बहीण मांजलपूरला राहते, आम्ही रोज आकडे सांगतो, त्यावरून आमची भांडणंसुद्धा झालीत. ती डबा पन्हाळीखाली ठेवते असा माझा संशय आहे.

यंदा, 2025 ला, चतुर्थी 27 ऑगस्टला आहे, म्हणजे सगळं काम ऐन पावसात. लहान मूर्ती आम्ही वरच्या मजल्यावरच करतोय, स्वयंपाकघरात पिठाला शाडूचा वास लागलाय. एका मंडळाची साडेतीन फुटी मूर्ती मात्र जिन्याने जात नाही, ती खाली कारखान्यातच आहे, चाकांच्या फळीवर. 28 चा आकडा आला की ती समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर न्यायची, त्यांचा जिना रुंद आहे, त्यांनी हो म्हटलंय. ओली मूर्ती उचलायला सहा माणसं लागतात. पाच जणांची नावं आणि नंबर दारामागे पट्टीच्या शेजारी लिहून ठेवलेत. सहावा गेल्या महिन्यात नोकरीसाठी नाशिकला गेला, त्याच्या जागी कोण ते अजून ठरत नाहीये.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
समा, बडोदे